नमनातली गवळण आणि पडद्यावरची हिरकणी

कोजागरीची रात्र होती. रायगडाच्या वाटेवरच्या एका वाडीत मुंबईकर मंडळाच्या पोरांनी शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून 'हिरकणी' चित्रपट लावला होता. त्याच अंगणात दुपारी माझी सभा झाली होती, भातावरच्या लष्करी अळीची. सभेला अकरा माणसे आणि चित्रपटाला सारी वाडी. यात राग मानण्यासारखे काही नाही. लष्करी अळीच्या सभेला सोनाली कुलकर्णी कुठून आणायची?

प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ऑक्टोबर २०१९ मध्ये लागला. गोष्ट आपल्या महाड तालुक्यातली, पोराटोरांना पाठ असलेली. पायथ्याची गवळण कोजागरीच्या दिवशी दूध घेऊन गडावर जाते. सांज होते, दरवाजे बंद होतात. खाली घरी तान्हे बाळ. पहारेकरी सोडत नाहीत, म्हणून ती कडा उतरून जाते. महाराजांना कळल्यावर ते तिचा सन्मान करतात आणि त्या जागी बुरूज बांधतात. ही लोककथा आहे, इतिहासाच्या कागदात ती शोधू नये. पण हिरकणी बुरूज गडावर उभा आहे आणि पायथ्याला हिरकणीवाडी नांदते आहे. कड्यावरचे प्रसंग सुरू झाले तेव्हा अंगणात कोणी खोकलेसुद्धा नाही.

चित्रपट संपला, आटवलेले दूध आले, आणि बाया बोलू लागल्या. तीन म्हशी बाळगून रोज पहाटे डेअरीला दूध घालणारी एक काकी मला म्हणाली, "सायेब, समदं बरं दाखवलंन. पन तिच्या दुधाचं पैसं तिला मिळालं का नाय, त्ये कुठं दाखवलंन?"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात पडवीच्या कडेला घोंगडी पांघरून बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "आमचं तरी कुनी दिलंन? मी बी चवदा वर्सं दूध-लोनी घेऊन मथुरंला जात व्हतो की!" आता तर हसण्याचा कल्लोळ झाला. कारण हे आबा तरुणपणी नमनात गवळण होत असत.

वाचकहो, त्या रात्री मोटारसायकलवरून परत येताना या दोन गवळणी माझ्या डोक्यातून जाईनात. एक पडद्यावरची, जिला बाई म्हणून आई तेवढी केली आणि जिचा धंदा मागे राहिला. दुसरी नमनातली, जी मुळात बाईच नव्हती. तेव्हापासून जुन्या काळचे पोशाख घालून केलेला कुठलाही चित्रपट किंवा मालिका पाहिली, की मी तलवारीकडे न बघता लुगड्याकडे बघतो. कोणी नेसले आहे, कसे नेसले आहे आणि नेसल्यावर लोक त्याला कसे वागवतात, हे बघतो.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. दक्षिण रायगडात आणि खाली रत्नागिरीकडे नमन-खेळे ही जुनी लोककला आहे. मृदुंग आणि झांजांवर आधी गणपती येतो, मग गवळण, मग वग. गवळणीत राधा आणि तिच्या सख्या डोक्यावर मडकी घेऊन बाजाराला निघतात, बरोबर एक फटकळ मावशी असते आणि वाटेत कृष्ण व त्याचा पेंद्या त्यांना अडवतात. या राधा, सख्या आणि मावशी परंपरेने सारे गडीच. दिवसा नांगर धरणारा रात्री नथ घालतो.

आबा सोळाव्या वर्षी गवळण झाले. लुगडे आईचे, चोळी मावशीची आणि चोळीत करवंट्या. आईनेच नेसायला शिकवले. "कासोटा घट घाल म्हंजी पाऊल आपसूक बारीक पडतंय," एवढाच तिचा उपदेश. पुढे मिसरूड फुटले. शिमग्याच्या आदल्या दिवशी मिशी उतरवून घरी आले, तर बापाने दोन दिवस जेवण टाकले. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढणे म्हणजे अभद्र. खेळ मात्र बापाने अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून पूर्ण पाहिला.

हे ऐकताना मला दादासाहेब फाळके आठवले. आपल्या देशाचा पहिला कथापट 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी १९१३ साली काढला. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून त्यांनी तारामती उभी केली. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटात स्त्रीपार्टी नटांच्या मिश्यांवरून झालेली ओढाताण मोठ्या गमतीने दाखवली आहे. आबांच्या बापाचे दोन दिवसांचे उपवास पाहिले असते, तर त्या गमतीच्या आत केवढे दुखणे आहे तेही दिसले असते. चार वर्षांनी, १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. विचार करून पाहा. अशोकवनात रडणारी तीच आणि तिला सोडवायला येणारा तोच. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

फाळक्यांनी १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. आपल्या पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. आता मोहिनी म्हणजे कोण? भस्मासुराला नाचवून संपवण्यासाठी स्वतः विष्णूने घेतलेले बाईचे रूप! बाप्ये बायकांची कामे करत होते, त्या काळात पडद्यावर आलेल्या पहिल्या मुलीच्या वाट्याला बाई झालेल्या देवाचे काम आले. पुराणात हे सारे चालते. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी नाच शिकवतो, त्याला कोणी हसत नाही. महादेव अर्ध्या अंगाने पार्वती होतो, त्याची आपण पूजा करतो. गावच्या अंगणातून पाऊल बाहेर पडले की मात्र हिशेब बदलतो.

आबा पुढे गिरणीत कामाला लागले. गावाकडच्या कोणीतरी खात्यात सांगून टाकले. झाले! पाळी बदलताना लोक टाळ्या वाजवून "बाय आली, बाय आली" म्हणत. वर्षभर ते कँटीनमध्ये जेवायला गेले नाहीत, साच्याशेजारी उभ्यानेच भाकरी खात. तरी शिमग्याला रजा टाकून गावी येत आणि राधा होत. ज्या लोकांनी रात्री ओवाळणी टाकली तेच दुसऱ्या दिवशी बांधावर कंबर हलवून दाखवत. लग्नाला तीन ठिकाणांहून नकार आला. चौथीने जत्रेत खेळ पाहिला होता. ती बापाला म्हणाली म्हणे, "लुगडं माझ्यापरीस बरं नेसतोय, मला शिकवील." आजी आज हयात नाहीत, पण हे सांगताना आबा अजून लाजतात.

नशिबाने उलटा दिवस पाहिला तो बालगंधर्वांनी. नारायण श्रीपाद राजहंस या गृहस्थांनी लुगडे कसे नेसावे, अंबाड्यात फूल कुठे माळावे, हे त्या काळच्या चांगल्या घरच्या बायकांना शिकवले. म्हणजे बायका त्यांचे पाहून नटू लागल्या. १९११ साली 'मानापमान' च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. घरात बाप आणि रंगमंचावर लग्नाची मुलगी. एका देहात एका दिवशी हे दोन्ही कसे मावले असेल, देव जाणे. रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटात सुबोध भावे यांनी ही भूमिका केली. वेषभूषा आणि रंगभूषा या दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आनंद भाटे यांना गायनाचा मिळाला. शालू, दागिने, अत्तरे, सारे डोळे दिपवणारे. पण मला विचाराल तर त्यांच्या आयुष्याचा खरा पेच १९३५ चा आहे. प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथ झाले. तीस वर्षे ज्यांना लुगड्यात पाहिले ते अंगरखा घालून समोर आले, तेव्हा चाहत्यांना चुकल्यासारखे झाले. पुढे 'साध्वी मीराबाई' चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात आले. तोपर्यंत पडद्यावर खऱ्या बायका येऊन स्थिरावल्या होत्या. जी तारामती १९१३ ला साळुंक्यांनी केली ती १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' मध्ये दुर्गा खोटे यांनी केली होती. लुगड्याला त्याची मालकीण मिळाली. लुगड्यावर जन्म काढलेल्या गड्याने कुठे जायचे?

याचे उत्तर द्यायला धजावलेला चित्रपट म्हणजे 'नटरंग'. जानेवारी २०१० मध्ये आला, दिग्दर्शक पुन्हा रवी जाधवच. आनंद यादवांच्या कादंबरीवर बेतलेला. कागलकडचा गुणा हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. विहिरीवर पंप बसतो आणि त्याचे काम जाते. इथे मी जरा थांबतो, कारण आम्ही शेतीखात्याची माणसे पंपाच्या बाजूची. पंप बसला की मोटेवरचा गडी मोकळा होतो, असे आम्ही कॉलेजात शिकलो. मोकळा होऊन तो कुठे जातो, ते पुस्तकात नव्हते. गुणा तमाशाचा फड काढतो. त्याच्या मनात राजा व्हायचे असते. पण नाचणारी नयना अट घालते की फडात नाच्या हवाच. कोणी तयार होत नाही, तेव्हा गुणाच मिशी उतरवतो, अंग उतरवतो, बोलणे-चालणे बदलतो. अतुल कुलकर्णी यांनी हा पैलवानाचा नाच्या होताना ज्या बारकाईने दाखवला आहे, तो मी चारदा पाहिला. त्यानंतर गुणाच्या वाट्याला काय येते? घर तुटते, पोर तोंड फिरवते आणि राजकारणाच्या वैरात गुंड त्याच्या देहाची विटंबना करतात. तो बाप्याच आहे, आतून काही बदललेले नाही. बदलले ते कपडे. पण तेवढ्यावर लोकांनी ठरवले की या देहाशी काहीही केले तरी चालते.

शेवटी म्हाताऱ्या गुणाला मोठा पुरस्कार मिळतो. हा भाग मला पटत नाही. आमच्या आबांना एक नारळ आणि टोपी मिळाली, तीही मंडळाच्या पन्नाशीला.

त्याआधीच्या वर्षी 'जोगवा' आला होता, तो अनेकांनी पाहिला नसेल. राजीव पाटील दिग्दर्शक. देवीला सोडलेला एक तरुण, अंगावर जबरीने लुगडे येते, आणि मनातून तो पुरुषच राहतो. एका जोगतिणीवर त्याचा जीव जडतो. उपेंद्र लिमये यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून पाहावा असा चित्रपट आहे. सचिन यांच्या 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये भाड्याच्या खोलीसाठी दोघे जण साडी नेसतात, तेव्हा आपण पोट धरून हसतो. हसावेच, चित्रपट झकास आहे. पण साडी सोडायची मुभा असली तरच हसू येते, हे 'जोगवा' पाहिल्यावर कळते.

आता दुसरी बाजू. बाई पुरुषी वेष करते तेव्हा काय होते? झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवर १९५३ साली सोहराब मोदींनी चित्रपट काढला, २०१९ मध्ये 'मणिकर्णिका' आला. राणी फेटा बांधते, घोड्यावर मांड टाकते, की चित्रगृहात शिट्ट्या. आणि तिचे कौतुक कोणत्या शब्दाने करायचे? 'मर्दानी'! शूर बाईला शाबासकी द्यायची तर तिला मर्द म्हणायचे. म्हणजे गडी लुगडे नेसला की पायरी उतरतो आणि बाई फेटा बांधली की पायरी चढते. पायऱ्या कोणी घातल्या ते पडद्यावर कोणी विचारत नाही.

आमच्या पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, त्यांची समाधी तिथे आहे. सिंहगडाची लढाई फेब्रुवारी १६७० ची. २०२० मध्ये हिंदीत 'तान्हाजी' आला आणि २०२३ मध्ये मराठीत 'सुभेदार'. दोन्ही वेळा पोलादपुराहून पोरे गाड्या करून बघायला गेली. अभिमानाची गोष्ट आहे. पण काजोलसारखी मोठी अभिनेत्री घेऊनही हिंदी चित्रपटात तानाजींच्या पत्नीच्या वाट्याला किती थोडे प्रसंग! लग्नघर, ओवाळणी आणि निरोप. नवरा मोहिमेवर गेल्यावर वरकस जमिनीत नाचणी कोणी पेरली, बैल कोणी सांभाळले, वसुलीला आलेल्या माणसाशी कोण बोलले? मोहिमा पावसाळा संपल्यावर निघत, म्हणजे भाताची कापणी-झोडणी बायकांच्याच अंगावर पडत असणार. पडद्यावरच्या बायका मात्र भरजरी शालू नेसून अंगणात उभ्या. चिखल लागलेली नायिका, डोक्यावर इरले घेतलेली नायिका मी शिवकालीन चित्रपटात अजून पाहिलेली नाही. आमच्याकडे आषाढात दुसरे काही दिसतच नाही.

आणि आजही पुरुष मोहिमेवरच आहेत. फक्त मोहीम मुंबई, सुरत, बडोद्याकडची आहे. आपल्या शेतकरणीचा खरा पोशाख बघा. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. उन्हापासून, भाताच्या पातीपासून हात वाचतात. हा वेष कुठल्याच वेषभूषाकाराने अजून शिवलेला नाही.

या शर्टावरून माझी एकदा चांगली खोड मोडली. पोलादपूरकडच्या एका गावात पॉवर टिलरचे प्रात्यक्षिक होते. नवरा मुंबईला असलेल्या एका वहिनींनी शर्टाच्या बाह्या सरसावून टिलर असा चालवला की चिखलणीला आलेले गडी बघत राहिले. संध्याकाळी मी हजेरीच्या यादीत नाव लिहिले ते तिच्या नवऱ्याचे. सवयीने लिहिले, सातबारा त्याच्या नावावर, म्हणून लेखणी तिकडेच वळली. तिने डोकावून पाहिले आणि म्हणाली, "शर्ट त्यांचा हाय म्हून नाव बी त्यांचंच का, सायेब?"

मी नाव खोडून तिचे लिहिले. पण अनुदानाच्या अर्जाला सातबारा लागतो, तिथे माझ्या खाडाखोडीचा उपयोग नव्हता. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते, एवढे मी तिला सांगितले आणि तलाठ्याकडे काय घेऊन जायचे ते कागदावर लिहून दिले. संमती द्यायला नवरा गणपतीत येणार होता.

पोशाखाचा विषय निघाला की महाडकर माणसाला आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी महाडात दुसरी परिषद भरली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे खास भाषण केले. त्यात त्यांनी लुगड्याविषयी सांगितले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची सक्तीची रीत, गळाभर माळा आणि हातात कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे गोठ-पाटल्या, यांवरून जात लांबूनच ओळखू येई. ती ओळख टाकून द्या, लुगडे पायघोळ नेसा, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. बायकांनी लगोलग नेसण बदलली. इतका मोठा वेषपालट महाडच्या मातीवर दुसरा झाला नसेल. बाबासाहेबांवर जब्बार पटेलांचा चित्रपट झाला, मालिका झाली. पण त्या डिसेंबरातल्या सकाळी एकमेकींच्या निऱ्या सारख्या करणाऱ्या बायका कोणीतरी पोटभर दाखवाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे. तलवार नाही, घोडा नाही, आठ-नऊ वारांचे सुती कापड. पण ते घोट्यापर्यंत सोडायला छाती लागली असेल.

आता पुन्हा आबांच्या घरी जाऊ, कारण गोष्ट तिथे अडली आहे.

आबांचा नातू महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटावर आहे. सुटीच्या दिवशी शेती करतो. गेली तीन वर्षे नमनात राधा तोच होतो, आजोबांची चाल त्याने जशीच्या तशी उचलली आहे. गेल्या शिमग्यात कोणीतरी त्याचा नाच मोबाइलवर टिपून सगळीकडे पाठवला. खाली लोकांनी काय काय लिहिले ते मी इथे लिहिणार नाही. आबांच्या वेळी हसणारे लोक बांधावरचे होते, ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी लावणीला तेच येत. याला हसणाऱ्यांचा गाव कोणता, नाव काय, काहीच ठावठिकाणा नाही. पोराने महिनाभर मोबाइल बंद ठेवला आणि यंदा राधा होणार नाही, असे मंडळाला कळवून टाकले.

अशात पोलादपूरकडच्या एका मुलीशी त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. मुलीच्या मामांनी तो व्हिडिओ पाहिला. मी दोन्ही गावांत फिरतो म्हणून ते मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "साहेब, मुलगा कसा आहे?" मी सांगितले, मुलगा चारसूत्री पद्धतीने भात लावतो, गिरिपुष्पाचा पाला वेळेवर गाडतो, पिणारा नाही. मामा म्हणाले, "ते झालं हो. पण तो लुगडं नेसतो." मी म्हणालो, "खेळात नेसतो." आणि गाडीला किक मारून निघालो.

आठ दिवस मला ते बोलणे खात होते. खेळात नेसतो, असे मी चोरी लपवल्यासारखे सांगितले होते. आबांना चौदा वर्षे ज्यांनी ओवाळणी टाकली आणि बांधावर कंबर हलवली, त्यांच्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला? मी मुद्दाम पोलादपूरला गेलो, मामांच्या ओटीवर बसलो आणि हे सारे बोललो. गुणाचे सांगितले, बालगंधर्वांचे सांगितले, बृहन्नडेचे सांगितले. मामा ऐकून घेत होते, मान डोलवत होते. पटत होते की नाही ते कळत नव्हते. आतल्या दाराशी मुलगी उभी होती, हे मला नंतर दिसले. ती बाहेर आली आणि तिने एकच विचारले, "त्यांना लुगडं नेसवतं कोण?"

"स्वतःच नेसतो," मी म्हणालो. "आबांनी शिकवलं."

ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

हे गेल्या पंधरवड्यातले. भाताची झोडणी आटोपली की दोन्हीकडची माणसे बसतील, असा मामांचा निरोप आहे. आबांनी मधल्या काळात पेटीतले जुने नऊवारी काढून उन्हात टाकले आहे. कशासाठी म्हणून विचारले, तर म्हणाले, "कसर लागंल म्हून."